नीतीचें सापेक्षत्व आणि वामन मल्हारांचा ‘पण’

गेल्या पौषांत एका स्नेह्यांच्या घरीं सकाळच्या चहाला आम्ही पांच-सहा मंडळी जमलों होतों. थंडी चांगलीच पडली होती. यजमानांची मुलगी नुकतीच विज्ञान-शाखेच्या पहिल्या वर्षांत गेली आहे. तिनें सहज एक कोडें घातलें. एकाच खोलींत रात्रभर ठेवलेला पितळेचा तांब्या आणि लांकडी पाट यांना हात लावला असतां तांब्या गार लागतो, पाट तितका लागत नाहीं. तर दोहोंपैकीं अधिक थंड कोणता? बहुतेकांनीं ‘तांब्या’ असें सांगितलें. मंडळींतील एक वृद्ध गृहस्थ मात्र हंसून म्हणाले, “अगं पोरी, थंडी ही ज्याच्या त्याच्या हातावर असते.”

इतक्यांत चहा आला. घरीं भांडीं घासणाऱ्या बाईंनाही तो दिला गेला, पण परसदाराच्या कोनाड्यांत त्यांच्यासाठीं निराळा ठेवलेल्या कपांत. मुलीनें तोच धागा धरून विचारलें, “हा कप निराळा कां?” मग अर्धा तास वाद रंगला. कोणी स्वच्छतेचें कारण सांगितलें, कोणी वहिवाटीचें. कोणी म्हणाले कीं खुद्द बाईंनाच तसें बरें वाटतें. कोणी म्हणाले, हा अन्याय आहे. अखेर त्याच वृद्ध गृहस्थांनीं समारोप केला: “नीतीचेंही त्या तांब्यासारखेंच. ज्या घरची जी रीत, ती त्या घरापुरती खरी.” सर्वांना हें वाक्य रुचलें आणि बोलणें दुसऱ्या विषयाकडे वळलें.

अशा बैठका आमच्या वाचकांच्याही घरीं होत असतील, आणि त्यांचा शेवट पुष्कळदां अशाच एखाद्या वाक्यानें होत असेल. नीति सापेक्ष आहे, या मताचा स्वतंत्र ग्रंथ वाचून त्याचा स्वीकार करणारे थोडे. वादाचा कंटाळा आल्यावर त्याचा आश्रय करणारे फार. म्हणून त्या मताची, आणि मराठींत अशा संभाषणाला ज्यांनीं वाङ्मयाचा दर्जा आणून दिला त्या वामन मल्हार जोशी यांच्या पद्धतीची, थोडी छाननी येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम तांब्याचा निकाल लावूं. तांब्या आणि पाट रात्रभर एकाच खोलींत असल्यामुळें दोहोंचें तपमान एकच असतें, आणि तें आपल्या हाताच्या तपमानापेक्षां कमी असतें. पितळ हातांतील उष्णता झपाट्यानें ओढून घेतें, लांकूड ती सावकाश घेतें. आपल्या त्वचेला प्रत्यय येतो तो वस्तूच्या तपमानाचा नव्हे; त्वचेंतून उष्णता किती वेगानें जाते अथवा येते, याचा तो प्रत्यय असतो. म्हणूनच तोच तांब्या आणि तोच पाट वैशाखांत दुपारच्या उन्हांत ठेवले, तर तांब्याचा चटका बसतो आणि पाट सोसवतो. पौषांत जो अधिक गार, तोच वैशाखांत अधिक तप्त! अनुभव उलट झाला, नियम मात्र एकच राहिला.

यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ज्यांनीं ‘तांब्या गार लागतो’ असें म्हटलें त्यांची साक्ष खोटी नव्हती. चूक होती ती साक्षीवरून काढलेल्या अनुमानांत. दुसरी, आमच्या वृद्ध मित्रांचें वाक्यही सर्वस्वीं खोटें नव्हतें. थंडीच्या अनुभवांत हाताचा वांटा असतोच. परंतु ‘ज्याच्या त्याच्या हातावर’ एवढें बोलून मनुष्यजात स्वस्थ बसली असती, तर उष्णतामापक यंत्र कधींच झालें नसतें. मतभेद हें शोधाचें कारण आहे. शोध आटोपल्याची ती खूण नव्हे.

हा दृष्टान्त फार जुना आहे. प्लेटोच्या ‘थिएटेटस’ या संवादांत हाच प्रश्न वाऱ्याच्या रूपानें येतो. एकच वारा एकाला थंड लागतो, दुसऱ्याला लागत नाहीं. तेव्हां वारा स्वतः थंड आहे म्हणावयाचें, कीं ज्याला थंडी वाजते त्याच्यापुरता थंड म्हणावयाचें? मनुष्य हाच सर्व वस्तूंचें माप होय, असें मानणारा प्रोटॅगोरस दुसरा पक्ष घेतो. सॉक्रेटिस त्याची थट्टा करून थांबत नाहीं. तो त्या मताला प्रथम शक्य तितकें बळकट करतो आणि मग विचारतो कीं, ज्याला जें वाटेल तें त्याच्यापुरतें खरें असेल, तर प्रोटॅगोरसाचें मत खोटें आहे असें ज्यांना वाटतें त्यांचेंही म्हणणें खरेंच ठरणार नाहीं काय? या आक्षेपाला आजतागायत सोपें उत्तर सांपडलेलें नाहीं.

अलीकडे या मताच्या पुष्टीसाठीं आइन्स्टाइनचें नांव घेण्याचा परिपाठ पडला आहे. ‘सर्व कांहीं सापेक्ष आहे, असें विज्ञानानेंच सिद्ध केलें,’ हें वाक्य चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकूं येतें. वस्तुतः १९०५ सालीं आइन्स्टाइननें मांडलेल्या उपपत्तीचा पाया याच्या अगदीं उलट आहे. एकमेकांच्या संदर्भांत समान वेगानें सरळ रेषेंत जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना निसर्गाचे नियम एकाच स्वरूपाचे आढळतात आणि निर्वात पोकळींतील प्रकाशाचा वेग सर्वांना तोच मिळतो, हीं त्याचीं दोन गृहीतें. काळाचें व लांबीचें माप निरीक्षकागणिक बदलतें तें नियम सर्वांस समान रहावा म्हणूनच. सापेक्षतेचा हा सिद्धान्त अराजकाचा पुरस्कर्ता नाहीं. एकाचें माप दुसऱ्याच्या मापांत कसें बदलून घ्यावें, याचें तें गणित आहे.

आतां नीतीकडे वळूं. सापेक्षतावाद्यांचें आवडतें उदाहरण हिरोडोटसाच्या इतिहासाच्या तिसऱ्या भागांतलें आहे. इराणचा राजा दरायस यानें दरबारांतील ग्रीकांना विचारलें कीं, किती द्रव्य दिलें असतां तुम्ही आपल्या मृत वडिलांचें मांस खाल? कितीही दिलें तरी नाहीं, असें ते म्हणाले. मग त्यानें कलातिया नांवाच्या हिंदी लोकांना बोलाविलें. त्यांच्यांत मृत आईबापांचें मांस खाण्याची चाल होती असें हिरोडोटस सांगतो. दुभाष्याच्या द्वारें ग्रीकांना समजेल अशा रीतीनें राजानें त्यांना विचारलें कीं, किती द्रव्य घेऊन तुम्ही त्यांना अग्नि द्याल? असें अभद्र बोलूं नका, म्हणून ते ओरडले. दुसऱ्यांच्या रीतींची थट्टा करणारा मनुष्य शहाणा नव्हे, हें दाखविण्यासाठीं हिरोडोटसानें ही हकीकत दिली आहे, आणि तेवढ्यापुरती ती निरुत्तर करणारी आहे.

पण ती आणखी एकदां वाचून पाहावी. दोन्ही मंडळींनीं द्रव्य नाकारलें. आईबापांच्या देहाचा मान विकाऊ नाहीं, याविषयीं ज्वाला पेटविणारे आणि मांस खाणारे यांचें एकमत होतें. मान कसा राखावा एवढ्यापुरताच भेद होता. दुसरें असें कीं, राजानें ‘किती?’ असें विचारलें, ‘कां?’ असें विचारलें नाहीं. ग्रीक आणि कलातिया एकाच दरबारांत उभे होते, मध्यें दुभाषीही होता. तरी ते एकमेकांशीं एक शब्द बोलले नाहींत. दोघेही राजाला उत्तर देऊन परतले. नीतीच्या सापेक्षतेचा एवढा प्रख्यात पुरावा अशा एका प्रसंगांतून निघाला आहे, कीं ज्यांत संभाषण झालेंच नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, तांब्याच्या बाबतींत उष्णतामापक यंत्र होतें. नीतीचें यंत्र कोठें आहे? हा आक्षेप खरा आहे व तो आम्हांस मान्य आहे. अन्याय किती अंशांचा आहे हें दाखविणारी पाऱ्याची नळी नाहीं आणि पुढेंही होईल असें दिसत नाहीं. परंतु यंत्राचें काम तरी काय असतें? एकाच हाताच्या साक्षीवर विसंबून न राहतां अनेक साक्षी एकमेकींशीं ताडून पाहतां येतील अशी सोय करणें, हें तें काम. नीतीच्या प्रांतांत ही सोय संभाषणाखेरीज दुसऱ्या कशानेंही होण्याजोगी नाहीं. ज्याच्या आचरणाविषयीं प्रश्न आहे तो, ज्याला त्याची झळ लागते तो, आणि ज्याचें त्यांत कांहींच जात नाहीं तो, असे तिघे समोरासमोर बसून एकमेकांचीं कारणें ऐकतात, तेव्हांच कोणाच्या मतांत हाताचा वांटा किती आणि वस्तूचा किती, हें कळूं लागतें. चर्चा हें म्हणूनच नीतिशास्त्राचें साधन होय. फावल्या वेळची करमणूक म्हणून तिच्याकडे पाहणें ही चूक आहे.

मराठींत हें ज्यांनीं पुरतें ओळखलें ते वामन मल्हार जोशी (१८८२-१९४३). तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम्. ए. झाले, कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें, सॉक्रेटिसाचे संवाद त्यांनीं मराठींत आणले, आणि १९१९ सालीं ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या पहिल्या कादंबरीचें नांवच ‘रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद’ असें आहे. ‘सुशीलेचा देव’ (१९३०) मध्यें नायिकेची ईश्वरविषयक कल्पना अनुभवागणिक आणि संभाषणागणिक बदलत, रुंदावत जाते. ‘इंदु काळे व सरला भोळे’ (१९३४) ही कादंबरी तर पत्रांचीच बनलेली आहे. कला आणि नीति यांच्या नात्याविषयीं तींत जें कांहीं आहे तें कोणी तरी कोणाला तरी उद्देशून लिहिलेलें आहे, आणि म्हणून उत्तराची वाट पाहणारें आहे.

वामन मल्हारांवरचा नेहमींचा आक्षेप त्यांच्या ‘पण’विषयीं आहे. एका पक्षाचें म्हणणें ते अशा सहृदयतेनें मांडतात कीं वाचक त्या पक्षाचा होतो. तोंच ‘पण’ येतो आणि दुसरा पक्ष तितक्याच जोरानें उभा राहतो. त्यालाही पुनः एक ‘पण’ असतोच. अशानें लेखक कोणत्याच निर्णयाला येत नाहीं आणि वाचकाला अधांतरीं सोडतो, असें कित्येक टीकाकारांनीं म्हटलें आहे. आमच्या वृद्ध मित्रांनीं वामन मल्हारांना कदाचित् आपल्याच पंथाचे मानलें असतें.

आमच्या मतें ही मोठी गल्लत आहे. ‘पण’ दोन प्रकारचे असतात. ‘तुमचें खरें, पण त्यांचेंही खरें, तेव्हां सोडून द्या,’ हा एक. तो वाद मिटवितो. ‘तुमचें खरें दिसतें, पण अमुकाची साक्ष अजून घ्यावयाची राहिली आहे,’ हा दुसरा. तो वाद पुढें नेतो. पहिल्यांत सत्य नाहीं असें गृहीत धरलेलें असतें. दुसऱ्यांत सत्य आहे आणि तें अद्याप पुरतें हातीं लागलेलें नाहीं, असें धरलेलें असतें. वामन मल्हारांचा ‘पण’ बहुधा दुसऱ्या जातीचा आहे. सुशीलेचा देव बदलतो, परंतु तो पूर्वींपेक्षां मोठा होत जातो असा त्या कादंबरीचा सूर आहे. आणि ‘मोठा’ म्हणावयाचें तर मोठेपणाचें कांहीं माप गृहीत धरावेंच लागतें. केवळ सापेक्षतावाद्याला ‘देव बदलला’ एवढेंच म्हणतां येईल, ‘वाढला’ असें म्हणतां यावयाचें नाहीं.

हा ‘पण’ भित्रेपणाचाही नव्हता. कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकाचे संपादक असतां पंडित सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख छापल्याबद्दल त्यांना तीन वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. लेख दुसऱ्याचा, शिक्षा आपल्याला, आणि त्यानंतरही लेखणी कडवट झाली नाहीं! अशा माणसाच्या संशयाला दुबळेपणा म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

सापेक्षतावादाच्या बाजूनें जें खरोखर बोलण्यासारखें आहे, तेंही येथें सांगितलें पाहिजे. आपलें माप तेंच विश्वाचें माप असें समजणाऱ्यांनीं जगांत फार अनर्थ केला आहे आणि आपल्या देशाला त्याचा अनुभव पुरेसा आहे. संस्कृत व अरबी यांचें आपल्याला ज्ञान नाहीं असें कबूल करूनही, १८३५ सालच्या आपल्या टिपणांत मेकॉलेनें त्या भाषांतील सर्व वाङ्मय युरोपच्या एका चांगल्या कपाटाच्याही तोलाचें नाहीं असा निकाल दिला. असल्या न्यायाधीशांपेक्षां ‘ज्याची त्याची रीत’ म्हणणारा मनुष्य केव्हांही बरा. पण मेकॉलेचा दोष कोणता, हें नीट पाहावें. त्यानें श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचा प्रयत्न केला, यांत दोष नाहीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें मुळांतून न वाचतां तो ठरविला, यांत आहे. त्याचा उपाय निर्णय सोडून देणें हा नसून साक्ष ऐकणें हा आहे. उद्धट निवाडा आणि गोड सापेक्षतावाद हे परस्परांचे शत्रु भासतात. पण दुसऱ्याचें म्हणणें ऐकण्याचे श्रम दोघेही टाळतात.

इतकें वामन मल्हारांच्या बाजूनें बोलून झाल्यावर त्यांच्या न्यूनाकडे वळणें प्राप्त आहे. त्यांच्या बैठकींत पक्ष पुष्कळ असले तरी बसणारी मंडळी एकाच थरांतील आहे. सनातनी असो वा सुधारक, भक्त असो वा अज्ञेयवादी, प्रत्येकाजवळ पुस्तकें आहेत, फुरसत आहे, आणि शुद्ध प्रमाणबद्ध वाक्यांत बोलण्याची संवय आहे. स्त्रियांना त्यांनीं या बैठकींत मानाचें स्थान दिलें; त्या नुसत्या ऐकत नाहींत, वाद घालतात, आणि पुष्कळदां जिंकतात. हें त्यांचें मोठें ऋण आहे. परंतु ज्या स्त्रीच्या श्रमावर ती बैठक चालते, तिला बैठकींत जागा नाहीं. ज्यांच्याविषयीं कळवळ्यानें बोललें जातें त्यांपैकीं कित्येकांना बोलण्याची पाळीच येत नाहीं.

ती पाळी वामन मल्हारांच्या आधींच मराठींत येऊन गेली होती, हें विशेष आहे. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें लहानसें पुस्तक पुण्यांत छापविलें. निमित्त होतें सुरतेकडील विजयालक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेच्या खटल्याचें. भ्रूणहत्येच्या आरोपावरून तिला प्रथम फांशीची शिक्षा झाली होती व पुढें ती कमी करण्यांत आली. वर्तमानपत्रें स्त्रीजातीच्या नीतीवर तुटून पडलीं. ताराबाईंनीं एकच प्रश्न लावून धरला: ज्या दोषांसाठीं स्त्रियांना नांवें ठेवतां, ते पुरुषांत नाहींत काय, आणि असतील तर दोघांना माप एकच कां नाहीं? सापेक्षतावादाचें हें खरें परीक्षास्थान. बायकोला एक धर्म आणि नवऱ्याला दुसरा, विधवेला एक आणि विधुराला दुसरा, ही त्या समाजाची रीतच होती. ‘ज्याची त्याची रीत’ हें तत्त्व मानलें तर ताराबाईंना बोलण्यास तोंडच उरत नाहीं. जिच्यावर अन्याय होतो तिला समान मापाची गरज असते; रीत सापेक्ष आहे असें म्हणणें सोयीचें जातें तें रीत ज्याच्या फायद्याची आहे त्याला. या पुस्तकावर जेव्हां टीकेचा भडिमार झाला, तेव्हां जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालच्या ‘सत्सारां’त ताराबाईंची बाजू घेतली; पुढें मात्र तें विस्मृतींत गेलें, आणि स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुनः प्रकाशांत आणलें.

फुल्यांनीं स्वतः ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपानें लिहिला. वामन मल्हारांच्या कादंबऱ्यांशेजारीं तो ठेवून वाचला म्हणजे दोघांचें बळ आणि दोघांची उणीव एकदमच दृष्टीस पडते. फुल्यांच्या संवादांत ज्यांना झळ लागली त्यांचा आवाज आहे. पण तेथें प्रतिपक्षी हजर नाहीं. धोंडीबा शंका विचारतो, त्याचें समाधान होतें. विरुद्ध पक्षाचें सर्वांत बळकट म्हणणें मांडण्याचें काम त्याच्याकडे नाहीं. वामन मल्हारांच्या संवादांत प्रतिपक्षी सन्मानानें हजर आहे. पण झळ लागलेला माणूस दाराबाहेर आहे. एकांत दुःख खरें आहे आणि वाद एकतर्फी आहे; दुसऱ्यांत वाद निःपक्षपाती आहे आणि दुःख ऐकीव आहे. हे दोन संवाद एकत्र झाले असते तर मराठींत नीतिविचाराचें जें वाङ्मय निर्माण झालें असतें, त्याची वाट आपण अजून पाहत आहों.

वाङ्मयाची ही गोष्ट घरच्या बैठकीलाही लागू आहे. त्या पौषांतल्या सकाळीं आम्हीं निराळ्या कपाविषयीं अर्धा तास बोललों. स्वच्छता, वहिवाट, न्याय, सर्वांचा खल केला. खुद्द बाईंना काय वाटतें, हेंही आमच्यांतील एकानें मोठ्या खात्रीनें सांगितलें. त्या बाई त्या वेळीं दहा हातांवर मोरींत बसून, ज्या तांब्याच्या थंडीविषयीं आम्ही शास्त्रार्थ केला, तोच तांब्या गार पाण्यांत घासत होत्या. त्यांना हांक मारून विचारावें असें कोणालाही सुचलें नाहीं. तें आम्हांलाही सुचलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. विचारलें असतें तरी मालकांच्या घरांत, मालकांच्या पाहुण्यांसमोर, त्यांनीं मनांतलें सांगितलें असतें असें नाहीं. खरें ऐकावयाचें असेल तर आधीं तो कप कोनाड्यांतून काढून इतर कपांत ठेवावा लागेल, आणि मग बोलणें सुरू करावें लागेल. तसें झालें तर वामन मल्हारांचा ‘पण’ आम्हांस फार उपयोगीं पडेल. तोंवर मात्र ‘ज्याची त्याची रीत’ हें वाक्य आपल्या तोंडीं शोभत नाहीं, असें आमचें नम्र मत आहे.